रात्री दोन वाजता कामाला येणारा विषय

व्यासपीठावरचे मान्यवर, पेठ आणि आसपासच्या पाड्यांवरून आलेले श्रोतेहो, आशाताई, गुरुजन, आणि जागा न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला मुलं शरीरक्रियाशास्त्र शिकतात, ज्याला सगळे फिजिऑलॉजी म्हणतात, त्यावर बोलेन. फोनवर जरा शांतता पसरली. साहजिक आहे. हा तर कॉलेजच्या वर्गातला विषय. पेठच्या सभागृहात त्याचं काय काम?

काम आहे. या तालुक्यातली, सुरगाण्याची, हरसूलकडची मुलं आता ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा पास होऊन एमबीबीएसला, बीडीएसला जाऊ लागली आहेत. दादासाहेब बिडकरांनी डांग सेवा मंडळ काढून या डोंगराळ भागात शाळा उभ्या केल्या, त्या शाळांच्या आणि आश्रमशाळांच्या बाकांवर ज्यांचे आईवडील बसले, त्यांची ही मुलं. घरात आधी कुणी डॉक्टर नाही. पहिल्या वर्षात काय वाढून ठेवलंय हे सांगणारं कुणी नाही. आणि दुसरं कारण त्याहून मोठं. हीच मुलं उद्या डॉक्टर होऊन तुमच्याकडे येणार आहेत. करंजाळीला, कोहोरला, जोगमोडीला. ती पहिल्या वर्षात काय शिकली आणि काय नुसतं पाठ करून विसरली, याचा हिशेब तुमच्या अंगावर होणार आहे. म्हणून हा विषय जितका त्यांचा, तितकाच तुमचा.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना हाताशी राहील. जिथे यंत्रं कमी, तिथे फिजिऑलॉजी जास्त लागते. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पेशंटला मॉनिटर लावला की आकडे समोर दिसतात, दोन खोल्या पलीकडे तज्ज्ञ बसलेले असतात. इथे मध्यरात्री दोन वाजता रुग्ण येतो. पाऊस लागलेला असतो. नाशिक ५०-५५ किलोमीटरवर, मध्ये सावळघाट. त्या वेळी डॉक्टरच्या हातात काय असतं? स्टेथोस्कोप, बीपीचं यंत्र, थोडी औषधं, आणि पहिल्या वर्षी शिकलेलं शास्त्र. ते शास्त्र खरोखर शिकलेलं असेल तर.

आता ते पहिलं वर्ष कसं असतं ते बघू. पहिल्या वर्षाला मुख्य विषय तीन: अ‍ॅनाटॉमी म्हणजे शरीराची रचना, फिजिऑलॉजी म्हणजे शरीराचं काम, आणि बायोकेमिस्ट्री म्हणजे त्यातलं रसायन. दंतवैद्यकाच्या मुलांनाही पहिल्याच वर्षी हे विषय असतात. मुलगा वसतिगृहात उतरतो, आणि आठवड्याभरात त्याच्या टेबलावर गायटन, गॅनाँग, नाहीतर ए. के. जैन किंवा सेम्बुलिंगम यांची जाडजूड पुस्तकं येऊन पडतात. सीनियर सांगतात, एवढं कोण वाचतं, या नोट्स घे. वर्गात दीडशे-दोनशे मुलं. शिकवणं इंग्रजीत. घरी कोकणा बोललेलं, शाळा मराठीत झालेली, आणि आता मूत्रपिंडावरचं व्याख्यान इंग्रजीत, तेही भरभर. मूल घाबरतं. घाबरलेलं मूल काय करतं? पाठ करतं.

अ‍ॅनाटॉमीत पाठांतराने निदान काही अंतर तरी जाता येतं. हाडाला नाव आहे, नसेला नाव आहे, ते लक्षात ठेवावंच लागतं. फिजिऑलॉजीत पाठांतर दुसऱ्या पानावर दगा देतं. का? कारण फिजिऑलॉजीतली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीमुळे आलेली असते. दुवा तुटला की पुढचं सगळं निव्वळ शब्द. नीटच्या परीक्षेत चार पर्यायांतला एक ओळखायचा असतो. इथे परीक्षक पर्याय देत नाही. तो विचारतो, असं का होतं? मग? आणि मग? तिसऱ्या ‘आणि मग’ला पाठ केलेलं संपतं.

आत्ता या सभागृहात एक प्रयोग चालू आहे बघा. तुम्ही बराच वेळ बसला आहात. व्याख्यान संपल्यावर उठाल. उठताक्षणी साधारण अर्धा लिटर रक्त छातीतून खाली उतरतं आणि पोटातल्या, पायांतल्या शिरांत साचतं. पृथ्वी खाली ओढते, त्याला इलाज नाही. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी झालं, म्हणजे हृदय बाहेर टाकतं ते रक्तही कमी, म्हणजे दाब कमी, म्हणजे मेंदूला पुरवठा कमी. खरं तर उठल्याबरोबर आपण सगळ्यांनी खाली पडायला हवं. पडत नाही. का? मानेतल्या धमनीत, जबड्याच्या कोनाखाली, दाब ओळखणाऱ्या नसांची टोकं आहेत. दाब घसरल्याची खबर ती मेंदूच्या बुंध्याला देतात. तिथून हुकूम सुटतो: हृदय जरा जलद चालव, रक्तवाहिन्या आवळ. हे सगळं काही सेकंदांत. तुम्हाला कळतही नाही. जुलाबांनी पाणी गेलेल्या माणसाला मात्र उठल्यावर चक्कर येते, कारण आवळायला वाहिन्यांत पुरेसं रक्तच नसतं. आता हे ज्या मुलीला नीट समजलं, तिला वेगळं पाठ करावं लागत नाही की अतिसाराच्या रुग्णाची नाडी बसवून आणि उभं करून मोजावी. ते तिला आपोआप सुचतं.

पूर्वी पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत बेडूक असायचा. त्याच्या पायाचा स्नायू आणि नस काढून, काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर स्नायूच्या आकुंचनाच्या रेघा काढायच्या. आता बेडूक गेला, त्याची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली, आणि ते योग्यच झालं. पण त्यामुळे एक गोष्ट जास्त महत्त्वाची झाली आहे. जिवंत शरीरावर शिकायचं, तर आता शेजारी बसलेल्या मित्राचं शरीर आहे आणि स्वतःचं आहे. मित्राचा रक्तदाब झोपवून मोजा, उभं करून मोजा, जिना चढवून मोजा. दंडावरच्या पट्ट्यातली हवा सोडताना स्टेथोस्कोपमध्ये जे ठोके सुरू होतात आणि नाहीसे होतात, ते १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरने सांगितले. तेव्हापासून जगातला प्रत्येक डॉक्टर तेच ठोके ऐकत आला आहे. हे एकदा कानाने ऐकलेलं आणि दहा वेळा वाचलेलं, यात फार अंतर आहे.

आता मी आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट सांगणार आहे, आणि ती जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएस झाले आणि १९७६ च्या सुमारास रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. कोकणात तेव्हा लाल विंचवाने माणसं मरत होती, मुलं तर फार. विंचू चावला की थोड्या वेळात उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ. मग हातपाय बर्फासारखे गार. नाडी धावायला लागते. काही तासांत दम लागतो, तोंडाला फेस येतो, आणि माणूस जातो. उपचार काय होते? अ‍ॅलर्जीची औषधं, स्टिरॉइड. म्हणजे विंचवाचं विष हे अ‍ॅलर्जीसारखं काहीतरी करतं, असं गृहीत धरलेलं.

बावस्करांनी काय केलं? ते रुग्णाच्या उशाशी बसले. रात्रभर बसले. नाडी मोजली, दाब मोजला, हातपाय कुठपर्यंत गार आहेत ते बघितलं, तास-तासाला लिहून ठेवलं. आणि त्या नोंदींतून त्यांना एक चित्र दिसू लागलं. विद्यार्थ्यांनो, इथे मी क्षणभर थांबते. तुम्ही सांगा. नाडी जलद, दाब वाढलेला, घाम, हातपाय गार. हे कुठल्या धड्यात आहे?

स्वायत्त चेतासंस्थेच्या धड्यात. पहिल्या वर्षाच्या. संकट आलं की शरीर अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडतं. ही द्रव्यं दोन प्रकारच्या ग्राहकांवर बसतात, अल्फा आणि बीटा. बीटामुळे हृदय जलद चालतं. अल्फामुळे रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. लाल विंचवाचं विष चेतातंतूंना चेतवून या द्रव्यांचा पूर सोडतं. अंगभरच्या वाहिन्या आवळल्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यासमोर जणू दारच बंद झालं. तो कप्पा जोर लावून लावून थकतो. त्याला पुढे ढकलता येत नाही ते रक्त मागे तुंबतं. मागे काय आहे? फुप्फुसं. तिथल्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो, पाणी झिरपून वायुकोशांत येतं. तोच तो दम, तोच तो फेस. रुग्ण स्वतःच्या फुप्फुसातल्या पाण्यात बुडत होता.

हे एकदा दिसलं की उपचारही दिसतो. वाहिन्या उघडायच्या. त्यांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं, पण ते सलाइनमधून थेंब-थेंब, सतत दाब बघत द्यावं लागतं. खेड्यात कसं परवडणार? मग प्रॅझोसिन. अल्फा ग्राहक अडवणारी, रक्तदाबासाठी आधीच बाजारात असलेली, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या नियतकालिकात छापून आली, आणि १९८६ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह प्रॅझोसिनवरचं लेखन. ज्या आजारात दहातले तीन-चार दगावायचे, तिथे मृत्यू शेकड्यात एकाच्या आसपास आले. पुढे विंचवाच्या प्रतिविषाची जोडही उपयोगी ठरली, तीही त्यांनीच अभ्यासून दाखवली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता नीट लक्ष द्या. याच ठिकाणी एखाद्याने, नाडी जलद आहे ना, मग बीटा अडवू या, असं म्हटलं असतं तर? बीटा अडवला की थकलेल्या हृदयाचा उरलासुरला जोरही जातो, आणि अल्फा मोकळा राहतो. वाहिन्या आवळलेल्याच. रुग्ण आणखी लवकर जातो. अल्फा आणि बीटा यांतला फरक परीक्षेत दोन मार्कांना येतो. तिथे तो जीव आणि मरण यांतला फरक आहे. बिरवाडीत कुठलं यंत्र होतं? ईसीजी काढायला आणि एक्स-रे बघायला मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी लागे. जे होतं ते निरीक्षण, आणि त्या निरीक्षणाला अर्थ देणारा पहिल्या वर्षाचा धडा.

विंचवावरून सापावर येते, कारण पेठमध्ये पावसाळ्यात बोलायचं आणि सापाचं नाव काढायचं नाही, असं होणार नाही. मण्यार रात्री चावते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला कळतही नाही, दुखत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. नागाच्या विषानेही लकवा येतो. वरून दोन्ही सारखेच. पण आत? नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर नसेतून अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं द्रव्य सुटतं आणि स्नायूवरच्या ग्राहकावर बसतं, तेव्हा स्नायू हलतो. नागाचं विष मुख्यतः ग्राहकाच्या जागा अडवतं. तिथे निओस्टिग्मिन दिलं, अ‍ॅसिटिलकोलिन जास्त वेळ टिकवलं, तर ते विषाशी झगडून जागा परत मिळवू शकतं. मण्यारीचं विष मात्र नसेच्या टोकालाच निकामी करतं, द्रव्य सुटणंच बंद. जे सुटतच नाही ते टिकवणार कसं? म्हणून तिथे प्रतिविष दिल्यानंतरही भरवसा असतो तो श्वास चालू ठेवण्यावर. अंबू बॅगेने, हाताने दाबत, वाटेत, गाडीत, नाशिक येईपर्यंत. आणि हेही लक्षात ठेवा की तो रुग्ण बेशुद्ध नसतो. त्याला डोळे उघडता येत नाहीत, पण ऐकू येत असतं. उशाशी बसून रडारड करणाऱ्या नातेवाइकांना हे सांगणं डॉक्टरचं काम आहे.

घोणस चावली तर रक्त गोठत नाही. ते कसं ओळखायचं? दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, आणि तिरपं करून बघायचं. गोठलं नसेल तर विष भिनलंय. किती साधी चाचणी! पण नळी काचेचीच का? प्लास्टिकची का नको? कारण काचेच्या पृष्ठभागाला लागताच रक्तातला बारावा घटक जागा होतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही उशिरा गोठेल, आणि डॉक्टर फसेल. पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत मुलं बोटाला टोचून केशनळीत रक्त घेतात, दर अर्ध्या मिनिटाला नळीचा तुकडा मोडतात आणि रक्ताचा धागा दिसतो का ते बघतात. पुष्कळांना वाटतं, हा जुनाट प्रयोग कशासाठी? यासाठी.

आता सिकलसेलकडे येते. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत राज्याच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे, नाशिकच्या आदिवासी तालुक्यांतही त्याची तपासणी होते. २०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलला देशाची सिकलसेल निर्मूलन मोहीम जाहीर झाली, २०४७ चं उद्दिष्ट ठेवून. तुमच्यातल्या अनेकांनी तपासणीसाठी बोट पुढे केलं असेल.

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी तर ही हकीगत ऐकायलाच हवी. वैद्यकशास्त्रात नोंद झालेला सिकलसेलचा पहिला रुग्ण तुमच्यासारखाच दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता. वॉल्टर क्लेमेंट नोएल, कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडा बेटावरचा, शिकायला शिकागोला गेलेला. १९०४ च्या अखेरीस तो आजारी पडून रुग्णालयात आला. तिथल्या अर्नेस्ट आयर्न्स या इंटर्नने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि त्याला लांबट, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते प्रसिद्ध केलं. नोएल आजार अंगावर घेऊन पदवीधर झाला, आपल्या बेटावर परतला, तिथे त्याने दातांचा दवाखाना चालवला, आणि १९१६ मध्ये, ऐन तरुणपणी वारला. मला या हकिगतीत तो इंटर्न फार महत्त्वाचा वाटतो. त्याने काच नीट पाहिली. पहिल्या वर्षाला तुम्ही लिशमनचा रंग देऊन रक्ताची काच बघता, तीच काच.

कारण काय? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढंच. पण ऑक्सिजन सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या लांब काड्या होतात आणि पेशी वाकडी होते. निरोगी लाल पेशी १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणून रक्त कमी. आणि बारीक वाहिन्यांत ती अडकते, म्हणून हाडं फोडणाऱ्या वेदना.

आता यातला पेठचा भाग. मूत्रपिंडाच्या धड्यात मुलं शिकतात की मूत्रपिंड दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतं आणि त्यातलं दीडेक लिटर सोडून बाकीचं परत घेतं. ही बचत मूत्रपिंडाच्या आतल्या भागात पक्की होते. तो भाग मुद्दाम खारट ठेवलेला असतो आणि तिथे ऑक्सिजन कमी असतो. खारटपणा जास्त आणि ऑक्सिजन कमी. म्हणजे सिकलसेलच्या पेशीला वाकायला याहून सोयीची जागा शरीरात नाही. पेशी तिथे अडकतात, तो भाग हळूहळू निकामी होतो, आणि मूत्रपिंडाची पाणी वाचवण्याची शक्ती जाते. रुग्णाला तहान लागो, न लागो, लघवी पातळ आणि भरपूर होत राहते. पाणी कमी झालं की रक्त दाट होतं, आणि पेशी आणखी वाकतात.

आता मे महिना डोळ्यांसमोर आणा. जुलै-ऑगस्टमध्ये जिथे पाऊस थांबत नाही, त्याच पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. किंवा दिवाळीनंतरचे दिवस आणा. कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला गेलेली, दिवसभर उन्हात काम, पाण्याला सुट्टी नाही. तिथल्या एखाद्या सिकलसेलच्या मुलीला दुखणं उठतं तेव्हा लोक म्हणतात, कामाची कुचराई करते. तिची कुचराई नाही. तिचं मूत्रपिंड पाणी धरू शकत नाही, आणि कामाच्या जागी पाणी नाही. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने जन्माआधीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि पेशींचं वाकणं कमी होतं. ती गोळी नियमित मिळायला हवी, हे खरं. पण त्याबरोबर मुकादमाला सांगणारा डॉक्टर हवा की या मुलीला दर तासाला पाणी प्यायला द्या, आणि ते का, हे पटवून देणारा डॉक्टर हवा. मूत्रपिंडाचा धडा ज्याने फक्त पाठ केला, त्याला हे सांगता येणार नाही.

आशाताई, आता तुमच्याकडे वळते, कारण तुम्ही रोज फिजिऑलॉजी करता. लहान मुलाच्या छातीकडे बघून एक मिनिट श्वास मोजता. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांच्या आतल्याचे ४०, की न्यूमोनियाचा संशय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था १९८६ मध्ये उभी केली. तिथे गावातल्याच माणसांना हे मोजायला शिकवून न्यूमोनियाचे मृत्यू कमी करून दाखवले. दाईंसाठी त्यांनी मण्यांची चौकट आणि वाळूचं घड्याळ केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. लिहितावाचता न येणाऱ्या बाईने केलेलं ते निदान एक्स-रेविना होतं.

पण श्वास जलद का होतो? खोल का होत नाही? नवा फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात ना, सुजलेलं फुप्फुस तसं कडक झालेलं असतं. कडक फुप्फुसात खोल श्वास घ्यायचा तर ताकद फार लागते. म्हणून शरीर उथळ श्वास घेतं आणि संख्या वाढवतं. पण त्यात तोटा आहे, आणि हा हिशेब विद्यार्थ्यांनी कागदावर करून बघावा. मोठ्या माणसाचं उदाहरण घेऊ. एका श्वासात ५०० मिलिलिटर हवा, त्यातली १५० नाकापासून श्वासनळीपर्यंतच्या वाटेतच राहते, आत पोहोचते ३५०. मिनिटाला १२ श्वास धरले तर ४,२०० मिलिलिटर कामाची हवा. आता श्वास अर्धा केला, २५०, आणि संख्या दुप्पट, २४. एकूण हवा तेवढीच, ६,००० मिलिलिटर. पण वाटेतली १५० प्रत्येक वेळी वाया जाते. आत पोहोचते फक्त १००. चोवीस वेळा १००, म्हणजे २,४००. बाहेरून माणूस दुप्पट श्वास घेताना दिसतो आणि आत जवळजवळ निम्मी हवा. हा हिशेब ज्याने एकदा केला, तो धापा टाकणाऱ्या बाळाला बघून, श्वास तर जोरात चाललाय, म्हणून स्वस्थ बसणार नाही.

मग हे शिकायचं कसं? मुलांनो, मला जे पटलं आहे ते सांगते. एक पुस्तक धरा, एकच, आणि ते वाचा, नोट्स नंतर. आलेख हाताने काढा. प्राणवायूचा वक्र, हृदयाच्या एका ठोक्यातले दाब, हे बघून कळत नाहीत, काढून कळतात. धडा झाला की मित्राला मराठीत समजावून सांगा. घरी कोकणा बोलत असाल तर सुट्टीत आईला कोकणात सांगा, की तुझ्या डोक्यावर हंडा असताना हृदय काय करतं. विश्रांतीत मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवणारं हृदय चढावर त्याच्या तिप्पटही फिरवतं, हे तिला सांगा. संज्ञा इंग्रजीतच राहू द्या, उत्तर इंग्रजीतच लिहा, पण विचार तुमच्या भाषेत झाला पाहिजे. आईला समजलं नाही तर समजावं की आपल्यालाही अजून समजलेलं नाही. वर्गात प्रश्न विचारायला इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसू नका. मी इतकी वर्षं शिकवते आहे. तोडक्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत विचारलेल्या प्रश्नांनी मला पुस्तक पुन्हा उघडायला लावलंय, आणि अशा प्रश्नांची मी वाट बघते. हे माझ्यासारख्या पुष्कळ शिक्षकांना लागू आहे. आणि एखाद्या विषयात पहिल्या खेपेला नापास झालात, तर पुरवणी परीक्षा असते. ती द्या. बाड-बिस्तरा गुंडाळून घरी येऊ नका.

पालकांना एक सांगते. पहिल्या सहा महिन्यांत मूल फोनवर कमी बोलेल, चिडेल, जेवत नाही म्हणेल. त्याला किती मार्क पडले हे विचारण्याआधी, आज काय शिकलास, मला सांग, असं विचारा. त्याने सांगितलेलं तुम्हाला कळेलच असं नाही. पण त्याला ते शब्दांत मांडावं लागेल, आणि त्याच्या अभ्यासाला तेच हवं आहे.

आणि एक विनंती गावाला. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आहे. पहिल्या वर्षापासून मुलांना रुग्णांसमोर नेतात, आणि आता प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबं दत्तक घेऊन वर्षानुवर्षं त्यांच्या तब्येतीकडे लक्ष द्यायचं, असाही नियम आहे. म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाची मुलं खेड्यापाड्यांत येणार. ती आली की त्यांना ओसरीवर चहा देऊन वाटेला लावू नका. भातलावणीला वाकून वाकून कंबर कशी धरते ते दाखवा. नागलीची भाकर खाल्ल्यावर किती वेळ भूक लागत नाही ते सांगा. बाळंतपणानंतर चक्कर का येत होती, राब भाजताना धुराने कुणाला खोकला लागतो, कोणाच्या घरात सिकलसेलचं कार्ड आहे, ते त्यांना विचारू द्या, आणि त्यांनाही उलट विचारा: असं का होतं? त्यांना उत्तर आलं नाही, तर पुढच्या भेटीला वाचून या म्हणा. ती वाचून येतील.

वेळ संपत आली आहे. अध्यक्षांच्या परवानगीने प्रश्नोत्तरं सुरू करू. मोठी माणसं जरा थांबा. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलामुलींचे प्रश्न आधी घेते.